पडद्यावरचा साप, दवाखान्यातला रुग्ण

मागच्या पावसाळ्यात शिराळा भागातील एका शेतमजुराला तिन्हीसांजेला माझ्या दवाखान्यात आणले. भांगलण करताना पायाला घोणस चावली होती. पोटरीला सुतळी करकचून आवळलेली, घोट्यावर ब्लेडने काप घेतलेले आणि रक्त काही थांबत नव्हते. "हे कुणी सांगितलं रे?" मी धाकट्या भावाला विचारले. तो म्हणाला, "सांगायचं कशाला डॉक्टरसाहेब, पिच्चरमध्ये असंच करत्यात की!"

वाचकहो, वाईजवळ मेणवलीच्या घाटावर 'स्वदेस' (२००४) सारख्या चित्रपटांचे चित्रीकरण झाले. चित्रीकरणासाठी उभारलेली भिंत पुठ्ठ्याची असते, हे आपल्याला ठाऊक असते. पण त्या भिंतीपुढे केलेला उपचार मात्र आपण खरा मानतो!

घोणशीच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते. अशा वेळी काप घेतला तर रक्त वाहतच राहते. तोंडाने ओढून विष निघत नाही, जखमेत जंतू मात्र शिरतात. घट्ट आवळल्याने रक्तपुरवठा तुटून पाय सडू शकतो.

पुंगीचेही तसेच. 'नागिन' (१९५४) मधील गाजलेली धून मुळात पुंगीवर वाजवलेलीच नव्हती. ती क्लॅव्हायोलिन या विजेवरच्या वाद्याची होती. सापाला बाह्यकर्ण नसतात. गारुड्याच्या हालचालीकडे पाहून तो डोलतो. चावलेला साप परत येऊन विष ओढून घेतो, ही तर निव्वळ कल्पना.

पडद्यावर साप चावताच माणूस निळा पडून कोसळतो. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते तेव्हा पुष्कळदा दुखतही नाही. पहाटे पोटात कळा येतात, पापण्या मिटू लागतात, गिळता येत नाही आणि शेवटी श्वास अडतो. 'काही होत नाही' म्हणून घरी थांबणे म्हणूनच घातक. मांत्रिकाकडे 'उतरलेले' विष बहुधा बिनविषारी सापाचे असते.

मग करावे काय?

रुग्णाला धीर द्यावा, चालू देऊ नये. अंगठी, जोडवी, पैंजण काढावेत. हाड मोडल्यावर बांधतो तशी फळी सैलसर बांधून तो अवयव स्थिर ठेवावा. सापामागे धावू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा मिळेल त्या वाहनाने प्रतिविषाची सोय असलेले रुग्णालय गाठावे.

घोड्यांच्या रक्तापासून तयार होणारे हे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारही सापांवर चालते. ते शिरेतून देतात. पडद्यावर एका सुईने माणूस उठून बसतो. प्रत्यक्षात विषबाधेची लक्षणे दिसताच सुरुवातीलाच साधारण १० कुप्या लागतात, मुलांनाही तेवढ्याच.

तो शेतमजूर वाचला. पण ब्लेडची जखम चिघळली आणि ऐन हंगामात दोन महिन्यांची मजुरी बुडाली. पिच्चर जरूर पाहा. उपचार मात्र दवाखान्यातच घ्या.