हॅरी पॉटर : उसनं किती, स्वतःचं किती?

आपल्या सभासदांच्या घरांत हॅरी पॉटर वाचणारी दुसरी पिढी आता तयार झाली आहे. १९९७ साली पहिला भाग आला तेव्हा शाळेत असलेली मुलं आज आई-बाबा आहेत. वाद मात्र जुनाच आहे : जे. के. रोलिंग यांनी हे सारं आधीच्या पुस्तकांतून उचललं का? आम्ही त्यातली काही पुस्तकं मुद्दाम मिळवून वाचली. आरोप अगदीच पोकळ नाही, हे आधी सांगून टाकतो.

उर्सुला ले ग्विन यांची 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' ही कादंबरी १९६८ची. शेळ्या राखणारा गेड, त्याच्या अंगची जादू, रोक बेटावरची जादूगारांची शाळा, तिथला डिवचणारा सहाध्यायी आणि गेडच्या चेहऱ्यावरचा व्रण, हे सगळं त्यात आहे. जिल मर्फी यांच्या १९७४च्या 'द वर्स्ट विच'मध्ये तर चेटकिणींची निवासी शाळाच आहे. झाडूवरून उडणं आहे, जादूचे काढे शिकवणाऱ्या करड्या बाई आहेत, नाक वर करून वागणारी वर्गमैत्रीण आहे. नील गेमन यांच्या १९९०च्या चित्रकथेतला टिम हंटर हा चष्मेवाला मुलगा, आणि त्याच्यापाशी घुबडही आहे! गेमन यांनी मात्र चोरीचा आरोप केला नाही. आपण दोघांनीही टी. एच. व्हाइट यांच्याकडून घेतलं, असं त्यांचं म्हणणं.

पण सामानाची यादी जुळली म्हणून घर तेच ठरत नाही. गेडचा शत्रू त्याच्याच गर्वातून निघालेली सावली आहे. हॅरीचा शत्रू बाहेर उभा आहे. गेडची शाळा काही प्रकरणांत मागे पडते. हॅरीची गोष्ट मात्र वेळापत्रक, परीक्षा, जेवणाची लांब टेबलं आणि हाउसला मिळणारे गुण यांवरच उभी आहे. अर्थात तेही जुनंच. टॉमस ह्यूज यांची 'टॉम ब्राउन्स स्कूलडेज' १८५७ची. तिच्यात नवखा मुलगा, जिवलग मित्र, दांडगाई करणारा मोठा पोरगा, मैदानी खेळ आणि आदरणीय मुख्याध्यापक आहेत.

मग रोलिंग यांचं स्वतःचं काय? आमच्या मते, गुंफण. प्रत्येक भाग रहस्यकथेसारखा रचलेला आहे. रॉनचा म्हातारा उंदीर पहिल्या भागात झोपा काढतो, तिसऱ्यात तो कोण ते कळतं. दुसऱ्या भागातल्या डायरीचा खरा अर्थ सहाव्यात उलगडतो. इतक्या लांबच्या हिशेबाची मांडणी आम्हाला ले ग्विन किंवा मर्फी यांच्यात दिसली नाही.

प्रकरण कोर्टातही गेलं. नॅन्सी स्टाउफर या अमेरिकन लेखिकेने 'मगल' हा शब्द आणि लॅरी पॉटर हे पात्र आपलं आहे, असा दावा केला. २००२ साली न्यूयॉर्कच्या न्यायालयाने तो फेटाळला, आणि पुराव्यातले कागद फेरफार केलेले आढळल्याने वर ५०,००० डॉलर दंड ठोठावला. कागद तपासण्यात हयात गेलेल्या आम्हाला हा भाग फार आवडला! आपल्याकडेही सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली आर. जी. आनंद खटल्यात स्पष्ट केलं आहे की कल्पना, विषय, कथानक यांवर कॉपीराइट नसतो. तो मांडणीवर असतो. जादूची शाळा ही कल्पना. ती कुणालाही वापरता येते.

कायदा इथे संपतो, सौजन्य उरतं. ले ग्विन यांनी मालिकेच्या कल्पनाशक्तीला उसनी म्हटलं, पण रोलिंग यांनी आपलं चोरलं असं नाही म्हटलं. पूर्वसूरींविषयी त्या जरा अधिक मोकळेपणाने बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, एवढीच त्यांची तक्रार होती. ती आम्हाला रास्त वाटते.

घरातल्या मुलांचे सातही भाग संपले असतील तर पुढचं पुस्तक म्हणून अर्थसी द्यावी. गोष्ट संथ आहे, विनोद जवळजवळ नाही. बारा-तेरा वर्षांच्या आत हाती दिली तर बहुधा अर्धवट राहील.