ताई सुखरूप आहेत

२२ एप्रिल २०२१ च्या रात्री माझ्या फोनवर एक ओळ आली, ‘सुमित्राताई गेल्या.’ कोरोनाच्या दुसऱ्या लाटेचे दिवस होते. इंदूरमध्ये तेव्हा रोज कुणाच्या ना कुणाच्या जाण्याची बातमी यायची, त्यामुळे शंका घ्यावी असं मनातही आलं नाही. आमच्या माजी खासदार सुमित्रा महाजन रुग्णालयात आहेत हे ऐकून होतेच. आमच्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर मिनिटाभरात हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. मीही ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ लिहिलं आणि तोच मजकूर पुण्याला अण्णाला आणि चिपळूणच्या मावसबहिणीला पाठवला. चिपळूण हे ताईंचं माहेर.

ताई ठणठणीत नसल्या तरी सुखरूप होत्या. तोवर काँग्रेसचे शशी थरूर यांनी ट्विटरवर शोक व्यक्त केला होता, काही वाहिन्यांनी बातमीही चालवली होती. भाजपचे कैलाश विजयवर्गीय यांनी ताई बऱ्या असल्याचं कळवलं, थरूर यांनी मजकूर काढून टाकून क्षमा मागितली. पुढे ताईंनीच विचारलं, की बातमी देण्याआधी इंदूरच्या प्रशासनाकडे एकदा चौकशी करावीशी कुणाला वाटली नाही का?

प्रश्न वाहिन्यांना होता, पण तो मला लागला. १९८९ पासून सलग आठ वेळा आम्ही ज्यांना लोकसभेत पाठवलं, त्यांच्या घरी फोन करू शकतील अशी चार माणसं तरी माझ्या ओळखीची आहेत. मी एकालाही फोन केला नाही. तीस वर्षं मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं. मतदान, विधिमंडळ, न्यायालय सगळं मुलांना शिकवलं. ऐकीव गोष्ट पुढे पाठवणं हेसुद्धा सार्वजनिक कृत्य आहे, हे मात्र कधी शिकवलं नव्हतं. शिकवायची गरजच पडली नव्हती.

कारण आमच्या वेळी मजकूर छापायचा तर कुणाला तरी तो आधी वाचावा लागे. इंदूरचा ‘नई दुनिया’ हा हिंदी पेपर १९४७ साली निघाला. राहुल बारपुते या मराठी माणसाने तो कित्येक वर्षं सांभाळला. राजेंद्र माथुर, प्रभाष जोशी हे पत्रकार त्याच मुशीतून आलेले. त्यातला वाचकांच्या पत्रांचा स्तंभ म्हणजे शहराचा ओटला होता. इथे घरासमोरच्या बसायच्या कट्ट्याला ओटला म्हणतात. नळाला पाणी नाही इथपासून देशाच्या धोरणापर्यंत माणसं पोस्टकार्डावर लिहीत. माझे वडील लिहायचे. दहा पत्रांतलं एखादं छापून यायचं आणि त्यातलाही पाल्हाळ कापलेला असायचा. त्या चाळणीत कितीतरी गरिबांची, बायकांची पत्रं आत पोचलीच नसतील, हे मी नाकारत नाही. आज माझ्याकडे भांडी घासायला येणारी बाई फुटलेल्या गटाराचा व्हिडिओ काढून थेट महापालिकेला पाठवते. वडिलांच्या काळात तिला ही सोय नव्हती. फोनने दिलेली ही गोष्ट मला लाखमोलाची वाटते आणि ती परत जाऊ नये असं मनापासून वाटतं.

पण चाळणी गेली तेव्हा धान्यातले खडे निवडणारा हातही गेला. २०१८ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला. २००६ ते २०१७ या काळात ट्विटरवर फिरलेल्या सुमारे १ लाख २६ हजार बातम्या अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या अभ्यासकांनी तपासल्या. खोट्या बातम्या खऱ्यांपेक्षा वेगाने आणि दूरवर गेल्या होत्या. त्या पुढे पाठवल्या जाण्याची शक्यता ७० टक्के जास्त होती. आणि हा फरक यंत्रांमुळे पडला नव्हता, माणसांमुळे पडला होता. खोट्यात नवल असतं, भीती असते, किळस असते, म्हणून बोट चटकन दाबलं जातं.

त्याचा अर्थ इंदूरला १ एप्रिल २०२० रोजी कळला. कोरोनाच्या संशयितांची तपासणी करायला आरोग्य पथक टाटपट्टी बाखल या वस्तीत गेलं आणि त्याच्यावर दगडफेक झाली. पथकात दोन महिला डॉक्टर होत्या. निरोगी माणसांना उचलून नेतात, रोगाचं इंजेक्शन टोचतात, अशा अफवा त्या दिवसांत वस्तीत फोनवरून फिरत होत्या. घाबरलेल्या माणसाला दारात आलेला डॉक्टर शत्रू वाटला. त्या दोघी दुसऱ्या दिवशी त्याच भागात पुन्हा कामाला गेल्या. दगडफेकीचा व्हिडिओ देशाने पाहिला. त्या परत गेल्या हे किती जणांनी पुढे पाठवलं?

महाराष्ट्राने याहून भयंकर पाहिलं आहे. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठार मारलं. ते मंगळवेढ्याकडचे, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागून पोट भरणारे. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मजकूर एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. फार वेळा फिरलेल्या मजकुरावर दुहेरी बाण दिसू लागला आणि २०२० पासून असा मजकूर एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. व्हॉट्सॲपवरचं लिखाण पाठवणारा आणि घेणारा यांच्याशिवाय कुणालाच, कंपनीलाही, वाचता येत नाही. म्हणून त्यातलं खोटं निवडायला तिसरा कुणी येणार नाही. दुहेरी बाण दिसला की थांबायचं, एवढंच आपल्या हाती आहे.

आता याच फोनने इंदूरकरांना एकत्र कसं आणलं तेही सांगते. २९ एप्रिल २०२४ हा लोकसभेसाठी अर्ज मागे घ्यायचा शेवटचा दिवस. काँग्रेसचे उमेदवार अक्षय कांती बम यांनी अर्ज मागे घेतला. आम्हाला हे कळलं ते विजयवर्गीय यांनी टाकलेल्या फोटोवरून. मोटारीत बम त्यांच्याबरोबर बसलेले, भाजपमध्ये स्वागत असल्याचा मजकूर. आठवडाभर आधी सुरतेत भाजपचा उमेदवार बिनविरोध आला होता. इथे निवडणूक झाली, पण मतदाराला निवड उरली नाही, असं अनेकांना वाटलं. काँग्रेसने ‘नोटा’चं, म्हणजे ‘यांपैकी कुणीही नाही’चं, बटण दाबा म्हणून आवाहन केलं, पण ते पक्षापुरतं राहिलं नाही. फोनवर, रिक्षांच्या पाठीवर, पोह्याच्या गाड्यांवर हाच विषय. सुमित्राताईंनीही सांगितलं, की शिकलेली माणसं त्यांना फोन करून, जे झालं ते आवडलं नाही, आपण नोटा दाबणार, असं म्हणत होती.

१३ मे ला मतदान झालं. सकाळी लवकर मत देणाऱ्यांना छप्पन दुकान या खाऊगल्लीत पोहे-जिलेबी फुकट होती, तरी २०१९ च्या सुमारे ६९ टक्क्यांवरून मतदान ६२ टक्क्यांच्या आसपास उतरलं. ४ जूनला निकाल आला. भाजपचे शंकर लालवानी १२,२६,७५१ मतं घेऊन जिंकले आणि नोटाला २,१८,६७४ मतं पडली. त्याआधीचा लोकसभेचा उच्चांक बिहारमधल्या गोपालगंजचा, ५१,६६० मतांचा. महाराष्ट्रातही २०१९ च्या विधानसभेत लातूर ग्रामीणमध्ये नोटा दुसरा आला होता, पण तिथली मतं सत्तावीस हजारांच्या घरात होती.

लोकसभेत नोटाला सर्वांत जास्त मतं पडली, तरी उरलेल्यांतला पहिला उमेदवारच निवडून येतो. म्हणजे ती दोन लाख अठरा हजार मतं कायद्याच्या दृष्टीने निष्फळ होती. मला मात्र ती मोलाची वाटतात, कारण ती माणसं उन्हात रांगेत उभी राहिली. फोनवरचा राग मतदान केंद्रापर्यंत चालत गेला. खंत वाटते ती नंतरची. ५ जूनपासून आमच्या ग्रुपवर पुन्हा सुप्रभात सुरू झालं. दोन लाख नाराज माणसांनी पुढे काय करायचं, यावर एकही सभा भरल्याचं माझ्या कानावर आलं नाही.

पाठपुरावा फोन करत नाही. आमचं शहर २०१७ पासून सलग सात वेळा स्वच्छतेत देशात पहिलं आलं. ‘इंदौर ३११’ या ॲपवर कचऱ्याची, दिव्याची तक्रार करता येते, मी कितीदा केली आहे आणि कामं झालीही आहेत. आणि याच शहरात डिसेंबर २०२५ च्या अखेरीस भागीरथपुऱ्यात नळाच्या पाण्यात घाण मिसळली, माणसं दगावली, त्यात एक तान्हं बाळ होतं. पाण्याला वास येतो अशी तक्रार रहिवासी आधीपासून करत होते. तक्रार नोंदवली गेली म्हणजे ती ऐकली गेली, असं होत नाही. ती घेऊन दारात जाऊन बसणारी माणसं लागतात.

इंदूरमध्ये ८५ वॉर्ड आहेत. नगरसेवकाला आम्ही पार्षद म्हणतो. ताईंच्या त्या रात्रीनंतर मी माझ्या पार्षदाचा नंबर वहीत लिहिला आणि महिन्यातून एकदा शेजारच्या तिघींना घेऊन त्यांच्या कार्यालयात जाते. तुमच्या गावच्या नगरसेवकाचा किंवा सरपंचाचा नंबर तुमच्या फोनमध्ये आहे का, ते आज पाहा. नसेल तर मिळवा, आणि पहिला फोन करा.