कणांकडून रेषेकडे

छायाचित्र काढणे आज डाव्या हातचा मळ झाले आहे. पण तेच चित्र भिंतीएवढे मोठे करायचे ठरवले, की त्याच्या कडा पायऱ्यापायऱ्यांच्या दिसू लागतात. कला शाखेच्या विद्यार्थ्याने या यंत्रविद्येत कशाला डोके घालावे, असे काही मित्रांनी मला विचारले. त्यांच्यासाठी हा लेखनप्रपंच.

माझे वडील पाट्या रंगवणारे पेंटर. शाळा सातवीत सुटली, पण आसपासच्या गावांतील दुकानांच्या पाट्या त्यांच्याच हातच्या. फ्लेक्स आल्यापासून हे काम जवळजवळ थांबले आणि जुन्या पाट्याही एकेक करून पुसल्या जाऊ लागल्या. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. ही अक्षरे नाहीशी होण्यापूर्वी, ती हव्या त्या आकारात छापता येतील अशा रूपात उतरवून ठेवावीत, असे मनाने घेतले.

त्यासाठी छायाचित्रे 'रॉ' प्रकारात घेतली. कॅमेऱ्याच्या संवेदकावर लक्षावधी बिंदू असतात आणि प्रत्येक बिंदू केवळ प्रकाश मोजतो. रंग कळावा म्हणून त्यांच्यापुढे रंगीत गाळण्या बसवतात : निम्म्या हिरव्या, पाव लाल, पाव निळ्या. ही योजना कोडॅक कंपनीतील ब्राइस बेयर यांची. १९७६ साली तिला पेटंट मिळाले. रॉ फाइल ही या मोजमापांची कच्ची वही होय. जुन्या निगेटिव्हपासून जशी प्रत काढावी लागे, तसे हिच्यापासून चित्र तयार करावे लागते. नेहमीच्या जेपेग चित्रात प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात. १४ बिटांच्या रॉ फाइलमध्ये १६,३८४. म्हणूनच सावलीतले, विटलेले अक्षरही तिच्यातून वर काढता येते.

व्हेक्टर चित्रात मात्र कण नसतातच. असतात त्या सूचना. 'या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत अशी वळणदार रेषा काढ, आत काळा रंग भर.' या वळणांचे गणित फ्रान्सच्या मोटारउद्योगात, सिट्रोएनमधील पॉल द कास्तेलजो आणि रेनोमधील पिएर बेझिए यांनी, गाड्यांच्या आकारांसाठी घडवले. अशा सूचना लिहिण्याचा 'एसव्हीजी' हा प्रकार २००१ साली प्रमाण ठरला. आकृती तिकिटाएवढी काढा वा भिंतीएवढी, कड स्वच्छच राहते.

रॉपासून एसव्हीजीपर्यंत थेट रस्ता नाही. प्रथम डार्कटेबलसारख्या मोफत प्रणालीत उजेड व तिरपेपणा दुरुस्त करून चित्र पीएनजी म्हणून जतन करावे. मग ते इंकस्केप या दुसऱ्या मोफत प्रणालीत उघडून 'ट्रेस बिटमॅप' ही आज्ञा द्यावी. कोणत्या छटेपर्यंत काळे मानायचे, हे आपण ठरवले की यंत्र त्या काळ्या भागाच्या कडेने रेषा आखते. एक सावधगिरी हवी : काही झटपट साधने छायाचित्र जसेच्या तसे एसव्हीजीच्या लिफाफ्यात घालून देतात. नाव बदलते, कण तेच राहतात.

खरी कसोटी पुढेच आहे. भिंतीचा पोपडा आणि ब्रशचा फटकारा यांतला फरक यंत्राला कळत नाही. बारीक ठिपके गाळण्याचा आणि कोपरे गुळगुळीत करण्याचा आकडा वाढवला, की पोपडे जातात. पण त्याबरोबर वडिलांच्या कान्याच्या टोकाला असणारे डावीकडचे छोटेसे वळणही जाते. आकडा कमी ठेवला, तर प्रत्येक भेग अक्षराचा भाग होऊन बसते. शेवटी मी वडिलांनाच शेजारी बसवले. पडद्यावर बोट ठेवून ते सांगू लागले, "हा पोपडा आहे, काढ. हा माझा हात आहे, राहू दे." त्याप्रमाणे मी एकेक बिंदू हलवला. अशा अकरा पाट्या आजवर झाल्या.

सगळीच छायाचित्रे या वाटेने नेऊ नयेत. माणसाचा चेहरा, आभाळ, पाणी यांच्या छटा रेषेत बांधायला गेले, तर हजारो ठिगळे पडतात आणि फाइल फुगते. अक्षरे, शिक्के, रांगोळ्या, भरतकामाचे नमुने यांना मात्र ही रीत मानवते. कारण काय ठेवायचे आणि काय टाकायचे, हा निर्णय तिच्या मुळाशी आहे. आणि तो घेणारा जाणकार पुष्कळदा आपल्याच घरात असतो. ज्या मित्रांच्या गावी अशा हातच्या पाट्या शिल्लक असतील, त्यांनी येत्या पावसाळ्यापूर्वी त्यांची छायाचित्रे घ्यावीत, आणि रंगवणारा हयात असेल तर त्याला शेजारी बसवावे, एवढीच विनंती.