वजन उतरावे, बळ उतरू नये

तिशीत वजन कमी करणे आणि सत्तरीत वजन कमी करणे या गोष्टी दिसायला सारख्या असल्या, तरी प्रत्यक्षात फार वेगळ्या आहेत. तिशीतल्या माणसाने महिनाभर अर्धपोटी राहून चार किलो घटवले, तर त्या भरात गेलेले स्नायू तो पुढे सहज भरून काढू शकतो. सत्तरीत गेलेला स्नायू इतक्या सहजी परत येत नाही. काट्यावरचा आकडा खाली येतो, घरचे कौतुक करतात आणि त्याच सुमारास जिना चढताना कठड्याचा आधार लागू लागतो. म्हणून ज्येष्ठांच्या वजनाविषयी बोलताना पहिले सूत्र हे की, उतरवायची आहे ती चरबी, बळ नव्हे. पुढील सर्व सूचना याच सूत्राला धरून आहेत.

वजन कमी करण्याची गरज कोणाला?

वयस्कर माणूस थोडा भरलेला दिसतो, एवढ्यावरून त्याने वजन उतरवलेच पाहिजे असे नाही. भारतीयांसाठी शरीरभार निर्देशांक, म्हणजे बीएमआय, २५ किंवा त्याहून अधिक असेल तर त्यास लठ्ठपणा म्हणतात. १५५ सेंटिमीटर उंचीच्या व्यक्तीच्या बाबतीत हा आकडा सुमारे ६० किलो वजनाशी येतो. परंतु उतारवयात पाठीला बाक येतो, उंची घटते आणि हा हिशेब फसवा ठरू शकतो. त्यापेक्षा कमरेचा घेर अधिक बोलका आहे. शिवणकामाची टेप घ्यावी, सर्वांत खालची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मध्यावर ती आडवी धरावी आणि श्वास सहज सोडून मोजावे. पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरपेक्षा अधिक घेर असल्यास पोटातील चरबी वाढली आहे असे समजावे. मधुमेह, रक्तदाब व हृदयविकार यांच्याशी या चरबीचे जवळचे नाते आहे.

गुडघेदुखीने त्रस्त असणाऱ्यांना वजन घटवण्याचा लाभ सर्वांत लवकर जाणवतो. झिजलेल्या गुडघ्यांच्या रुग्णांवरील अभ्यासात असे दिसले आहे की, शरीराचे वजन एक किलोने कमी झाले, तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो. तीन किलो उतरले, तरी गुडघ्याच्या दृष्टीने ते बारा किलोंचे ओझे खाली ठेवल्यासारखे आहे. त्यामुळे वीस किलोंचे स्वप्न पाहून हिरमुसण्याची गरज नाही.

दोन प्रसंगी मात्र आधी डॉक्टरांना भेटावे. काही प्रयत्न न करता सहा महिने ते वर्षभरात वजन पाच टक्क्यांहून अधिक उतरले, म्हणजे ६० किलोंच्या व्यक्तीचे तीन किलो आपोआप गेले, तर त्याचा आनंद मानू नये. तपासणी करून घ्यावी. अनियंत्रित मधुमेह, थायरॉइड, क्षय, कर्करोग, नैराश्य किंवा साधी न बसणारी कवळी, यांपैकी काहीही त्यामागे असू शकते. उलट दोन-तीन दिवसांतच वजन दोन किलोंनी वाढले, पाय सुजले आणि आडवे पडल्यावर दम लागू लागला, तर ती चरबी नसून शरीरात साठलेले पाणी असते. तिथे आहार बदलून भागत नाही, तातडीने उपचार लागतात.

काटा काय दाखवत नाही?

वाढत्या वयात स्नायूंचे प्रमाण व ताकद घटत जाते. १९८९ मध्ये अमेरिकी वैद्यक संशोधक आयर्विन रोझेनबर्ग यांनी या क्षयाला ‘सार्कोपेनिया’ असे नाव सुचवले. स्नायू झिजले की तोल सांभाळणे कठीण होते, पडण्याची भीती वाढते आणि खुब्याचे हाड मोडले तर पुष्कळ ज्येष्ठांचे स्वावलंबन तिथेच संपते. साखरेचा मोठा साठाही स्नायूंतच होतो. त्यामुळे स्नायू घटणे मधुमेहींना दुहेरी महागात पडते.

दवाखान्यात येणाऱ्या एका ६८ वर्षांच्या निवृत्त शिक्षिकांचे उदाहरण येथे देण्याजोगे आहे. ‘वजन कमी करा’ असे त्यांना अनेकांनी सांगितले होते. कसे, ते कोणी सांगितले नव्हते. त्यांनी रात्रीचे जेवण सोडले, डाळी वातूळ म्हणून बंद केल्या आणि काकडी, टोमॅटो व पातळ सूप यांवर चार महिने काढले. आठ किलो उतरले. गुडघे जरा हलके झाले, पण सोफ्यावरून उठताना सुनेचा हात लागू लागला आणि बाजारातून भाजीची पिशवी आणणे थांबले. त्यांचे वजन घटवणे काही महिने थांबवले, ताटात डाळ, उसळ, दही परत आणले आणि खुर्चीचा व्यायाम सुरू केला. आज त्या हात न टेकवता उठतात. वजन दोन किलोंनी वाढले आहे, पण त्याबद्दल त्यांची तक्रार नाही.

हा एकट्या एका व्यक्तीचा अनुभव नव्हे. अमेरिकेतील सेंट लुईस येथे डॉ. डेनिस व्हिलारिअल व सहकाऱ्यांनी ६५ वर्षांवरील १०७ लठ्ठ व्यक्तींचा वर्षभर अभ्यास केला. तो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. केवळ आहार कमी केलेल्या गटाचे वजन सुमारे १० टक्के उतरले. आहाराला व्यायामाची जोड दिलेल्या गटाचे सुमारे ९ टक्के. काट्यावर जवळजवळ बरोबरी. मात्र चरबी वगळता उरणाऱ्या शरीरभारातील घट पहिल्या गटात ५ टक्के, तर दुसऱ्यात ३ टक्के होती. हाडांची घनताही दुसऱ्या गटात कमी घटली आणि चालणे, उठणे, जिना चढणे या कामांत सर्वाधिक सुधारणा याच गटात दिसली.

ताटातून काय उणे करावे?

महिन्याला एक किलो, फार तर दोन किलो, हा वेग ज्येष्ठांसाठी पुरेसा आहे. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात. म्हणजे दररोज सुमारे २५० कॅलरी कमी केल्या, की महिन्याचा हिशेब जमतो. त्यासाठी एकही जेवण सोडावे लागत नाही. दिवसात चार कप चहा आणि प्रत्येकी दोन चमचे साखर घेणाऱ्याने कपामागे अर्ध्या चमच्यावर यावे. सुमारे १०० कॅलरी वाचतात. स्वयंपाकातील तेल माणशी दोन छोट्या चमच्यांनी कमी करावे, आणखी ९०. चहासोबतचे मूठभर फरसाण थांबवावे. पुन्हा सुमारे १००. बेरीज अडीचशेच्या पुढे गेली, आणि भाकरीला हातही लागला नाही.

तेल फोडणीच्या वेळी मोजणे कोणालाच जमत नाही, म्हणून ते महिन्याच्या सुरुवातीला मोजावे. माणशी अर्धा लिटर तेल वेगळे काढावे. दिवसाला ते साधारण तीन छोटे चमचे होते. बाटली वीस तारखेलाच संपली, तर तेल कुठे जाते ते घरातल्या घरातच कळते.

दोन सवयींकडे विशेष लक्ष द्यावे. पहिली उपवासाची. उपवास श्रद्धेचा भाग आहे आणि तो जरूर करावा. परंतु साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे. त्यात प्रथिने नगण्य, आणि खिचडीत तूप-शेंगदाणे भरपूर. त्याऐवजी वरीचे तांदूळ, राजगिरा, दही, दूध व फळे घ्यावीत. दुसरी सवय घरातील स्त्रियांची: ‘वाया जाऊ नये’ म्हणून पातेल्यातले उरलेले संपवणे. अन्न वाया जाऊ नये हे योग्यच. पण त्यासाठी रांधतानाच माप कमी करावे, आजीचे पोट हे त्याचे भांडार करू नये.

ताटात काय वाढवावे?

स्नायू टिकवण्यासाठी ज्येष्ठांना दर किलो वजनामागे दररोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिने लागतात. ६० किलोंच्या व्यक्तीला म्हणजे किमान ६० ग्रॅम. आपल्या शाकाहारी घरांत हे प्रमाण सहसा गाठले जात नाही, कारण वरण पातळ असते आणि उसळ आठवड्यातून दोनदाच होते. पुढील दिवस नमुन्यादाखल पाहावा.

सकाळी मुगाची दोन धिरडी आणि वाटीभर दही. दुपारी ज्वारीच्या दोन भाकऱ्या, मोडाच्या कडधान्याची घट्ट उसळ, पालेभाजी, कोशिंबीर व दही. संध्याकाळी मूठभर फुटाणे. दात नसल्यास फुटाण्याचे पीठ ताकात कालवून. रात्री दोन फुलके, घट्ट वरण, भाजी आणि पन्नास ग्रॅम पनीर. यातून सुमारे ६० ग्रॅम प्रथिने मिळतात. सामिष घरांत पनीरऐवजी दोन अंडी किंवा कमी तेलातील मासे चालतील. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रथिने असतात. प्रथिने एकाच जेवणात न कोंबता तिन्ही वेळा विभागून घ्यावीत. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मात्र हे प्रमाण आपल्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे.

खुर्ची, भिंत आणि रस्ता

‘मी रोज तासभर चालतो’ असे अनेक आजोबा अभिमानाने सांगतात. चालणे उत्तमच, आठवड्याला एकूण १५० मिनिटे, बोलता येईल पण गाता येणार नाही अशा गतीने चालावे. परंतु केवळ चालण्याने मांड्या व खांद्यांचे बळ पुरेसे टिकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने ६५ वर्षांवरील व्यक्तींसाठी आठवड्यातून किमान दोन दिवस ताकदीचे आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायाम सुचवले आहेत. ते घरीच करता येतात.

हात नसलेली भक्कम खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी. हात छातीवर घेऊन उठावे व सावकाश बसावे. आरंभी पाच वेळा, हळूहळू दहा वेळा, मध्ये विश्रांती घेऊन दोनदा. हात टेकवल्याशिवाय उठता येत नसेल, तर खुर्चीवर उशी ठेवून बैठक उंच करावी. त्यानंतर भिंतीपासून हातभर अंतरावर उभे राहून दोन्ही तळवे भिंतीवर टेकावेत आणि कोपरे वाकवून छाती भिंतीजवळ नेऊन परत यावे. पुढे ओट्याला धरून टाचा उचलाव्यात. शेवटी ओट्यालाच एक हात लावून एका पायावर दहा सेकंद उभे राहावे. एवढ्याला पंधरा मिनिटे पुरतात. व्यायाम करताना श्वास रोखू नये. पहिले काही दिवस घरातील कोणीतरी शेजारी असावे. छातीत दडपण, चक्कर किंवा नेहमीपेक्षा अधिक दम लागल्यास तत्काळ थांबून डॉक्टरांना दाखवावे.

औषधांचा हिशेब

आहार बदलला की औषधांची मात्राही तपासावी लागते. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या घेणाऱ्याने जेवण कमी केले किंवा ‘दिवसातून दोनदाच जेवण’ अशी पद्धत मनाने सुरू केली, तर रक्तातील साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. दरदरून घाम, थरथर, गोंधळलेले बोलणे ही त्याची लक्षणे. माणूस शुद्धीवर असेल तर लगेच साखर किंवा ग्लुकोज द्यावे. वजन उतरल्यावर रक्तदाबाच्या गोळ्याही जास्त होऊ शकतात आणि उभे राहताना डोळ्यांपुढे अंधारी येते. सध्या चर्चेत असलेली वजन घटवणारी इंजेक्शने घेणाऱ्यांनाही हेच सूत्र लागू आहे: त्यांनी भूक मंदावते, आणि भुकेबरोबर प्रथिने घटली तर चरबीसोबत स्नायूही जातात.

सांभाळणाऱ्यांसाठी

ज्येष्ठांना सतत ‘हे खाऊ नका’ असे ऐकवले, की ते एक तर लपून खातात किंवा रुसून जेवणच कमी करतात. त्यापेक्षा संपूर्ण घराचे तेल व साखर कमी करावी आणि त्यांच्या ताटात काय वाढवायचे ते प्रेमाने वाढावे. आजोबांची भाजी वेगळी, इतरांची चमचमीत, हा प्रकार आठवडाभरही टिकत नाही.

एक साधी वही ठेवावी. महिन्याच्या पहिल्या तारखेला तीन नोंदी कराव्यात: सकाळी उपाशीपोटी घेतलेले वजन, कमरेचा घेर, आणि हात छातीवर घेऊन खुर्चीतून पाच वेळा उठून बसण्यास लागलेले सेकंद. तिसऱ्या नोंदीसाठी १५ सेकंदांपेक्षा अधिक वेळ लागणे हे स्नायू दुबळे झाल्याचे चिन्ह आहे. वजन व घेर कमी होत आहेत आणि उठण्याचा वेळ तेवढाच राहिला किंवा घटला, तर मार्ग योग्य आहे. वजन घटत असताना उठण्याचा वेळ वाढत असेल, तर पुढचा किलो उतरवण्याची घाई करू नये. आधी वरण घट्ट करावे, खुर्चीचा व्यायाम नियमित करावा आणि पुढील तपासणीला जाताना ती वही डॉक्टरांना दाखवावी.