थेंबाला एक रुपया : पाइनच्या बियांचे तेल

रविवारी सकाळी वस्तीतल्या भगिनी आमच्याकडे कागद घेऊन येतात. कुणाचा जातीचा दाखला अडलेला असतो, कुणाच्या रेशनकार्डावर नाव चुकलेले असते. मागे एक सूनबाई आली ती मात्र कडेवर पाच महिन्यांचे मूल आणि हातात बाटली घेऊन. "काका, यावर काय लिहिलंय ते वाचून सांगा ना. दोन बाटल्या संपल्या, केस गळायचे थांबत नाहीत."

बाटली तीस मिलिलिटरची, किंमत 599 रुपये. पैसे बचत गटातून उचललेले. आम्ही पडलो कारकून, आधी हिशेब मांडला. मिलिलिटरला वीस रुपये, म्हणजे लिटरला वीस हजार! एका मिलिलिटरचे साधारण वीस थेंब धरले तर थेंबाला एक रुपया.

बाटलीवर पाइनच्या बियांचे चित्र होते. या बिया आपल्याला अगदीच अनोळखी नाहीत. मुंबईच्या महात्मा फुले मंडईत सुक्या मेव्याच्या दुकानात लांबट, तपकिरी, पातळ कवचाचे चिलगोजे मिळतात, त्या पाइनच्याच बिया. भाव किलोला काही हजार, त्यामुळे आपण ते लांबूनच पाहतो. आपल्या देशात हे झाड मुख्यतः हिमाचल प्रदेशातील किन्नौर जिल्ह्यात आहे. तिकडे त्याला न्योजा म्हणतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात शंकू उघडण्याआधी माणसे उंच झाडावर चढतात, काठीला लावलेल्या आकड्याने शंकू तोडतात, ढीग घालून ते उघडू देतात आणि मग झोडपून बी काढतात. जीव धोक्यात घालायचे काम! वर्षाचा मोठा रोख पैसा त्यातूनच मिळतो. लग्नकार्यात पाहुण्यांना चिलगोज्यांच्या माळा घालण्याची तिथली रीत आहे. पण मागणी वाढली तसे सगळेच शंकू उतरवले जाऊ लागले. रुजायला बी उरत नाही, रोप आलेच तर जनावरे खातात. जुनी झाडे आहेत, त्यांच्या जागी नवी येत नाहीत, ही तिथली खरी काळजी आहे.

सौंदर्यप्रसाधनात मात्र बहुधा किन्नौरचा चिलगोजा नसतो. बाटलीवर झाडाचे शास्त्रीय नाव असते, ते पाहावे. पायनस कोराएन्सिस म्हणजे कोरियन पाइन, सिबिरिका म्हणजे सैबेरियातला, पिनिया म्हणजे भूमध्य समुद्राकाठचा. बी, साल आणि राळ यांतही गल्लत करू नये. सालीचा अर्क वेगळा. राळेपासून निघते ते टर्पेंटाइन, रंगाऱ्याकडचे. ते कातडीला झोंबते.

आता गुणाचे बोलू. बियांच्या तेलात लिनोलेइक आम्ल भरपूर असते. कातडीतला ओलावा धरून ठेवणाऱ्या थराला ते लागते, म्हणून कोरड्या कातडीला हे तेल बरे वाटते, यात खोटे काही नाही. पण भगिनींनो, हेच आम्ल आपल्या करडईच्या पारंपरिक वाणांच्या तेलात त्याहून जास्त असते! सोलापूर-मराठवाड्याकडच्या आयांनी ते पिढ्यान् पिढ्या वापरले, फक्त त्याला सोनेरी झाकण नव्हते. केसांचे म्हणाल तर 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना केली होती. केसातले प्रथिन कमी झिजले ते खोबरेलाने. त्यातले लॉरिक आम्ल केसाच्या आत शिरते. पाइनच्या तेलात ते नसल्यासारखेच. ते केसाला वरून चमक देईल. मुळाशी नवा केस उगवील, याला भक्कम पुरावा नाही.

अर्क आणि तेल यांतही फरक आहे. तेल बी दाबून निघते. अर्क म्हणजे बियांतले काही अंश पाण्यात, ग्लिसरीनमध्ये किंवा तसल्याच द्रवात उतरवलेले. त्यात बराचसा भाग त्या द्रवाचाच असू शकतो. 2020 च्या सौंदर्यप्रसाधन नियमांप्रमाणे एक टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने छापावे लागतात, त्याखालचे कसेही. फिनॉक्सिइथेनॉल हे टिकवण्याचे द्रव्य एक टक्क्यापर्यंतच चालते. त्याच्या नंतर पाइनचे नाव आले तर समजावे, तो अंश चिमूटभर. सूनबाईंच्या बाटलीवर ते शेवटून दुसरे होते. पहिले नाव खनिज तेलाचे.

एक सावधगिरी. ज्यांना शेंगदाणे, काजू किंवा चिलगोजे खाऊन अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, त्यांनी असल्या वस्तूंपासून दूर राहावे. इतरांनीही आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडे लावून दोन-तीन दिवस पाहावे.

बाटली बाजूला ठेवून आम्ही सूनबाईंना विचारले, मूल झाल्यावर रक्त तपासले का? नाही. बाळंतपणानंतर दोन ते चार महिन्यांनी केस झुबक्याने गळतात आणि बहुतेकींचे वर्षभरात परत येतात, हे तिला कुणी सांगितलेच नव्हते. त्यात अंगात लोह कमी असेल तर गळती लांबते. थायरॉइडनेही तसे होते. सासूबाई म्हणाल्या, "आमच्या वेळी कुठं होतं हे तपासणं?" तरी त्याच सोमवारी सुनेला घेऊन सरकारी दवाखान्यात गेल्या. हिमोग्लोबिन आठ निघाले. लोहाच्या गोळ्या फुकट मिळाल्या. त्या लिंबाच्या सरबताबरोबर घ्याव्यात, चहाबरोबर नाही, असे नर्सबाईंनी बजावले.

बचत गटाचे बाराशे रुपये फेडायला तिला चार महिने लागणार आहेत. हप्त्यांचा तक्ता आम्ही तिच्या वहीत मांडून दिला. तिसऱ्या बाटलीत थोडे तेल उरले आहे, ते ती टाचांच्या भेगांना लावते. तिथे चांगला गुण येतो म्हणते.