पिशवीपासून पानापर्यंत

पाकशास्त्राचा विषय निघाला की पुरुषांनी तो गृहिणींच्या स्वाधीन करून मोकळे व्हावे, असा एक संकेत आपल्या घरांतून रूढ आहे. वस्तुतः आपल्या परंपरेने उत्तम स्वयंपाकाला नाव दिले ते ‘नळपाक’. आणि विराटाच्या मुदपाकखान्यात भीमाने जे बल्लव हे नाव धारण केले, तेच ‘बल्लवाचार्य’ या शब्दाच्या रूपाने आजही आपल्या ओठी आहे. राजाला आणि योद्ध्याला ज्याचा कमीपणा वाटला नाही, ते जाणून घेण्यास भाजीची पिशवी वाहणाऱ्या गृहस्थाने संकोच का करावा? शिवाय बाजारातून निघालेली भाजी पानात पडेपर्यंत तिचे काय होते, हा प्रश्न केवळ रुचीचा नाही. तो घरच्या पैशाचा, श्रमाचा आणि आरोग्याचाही आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले, आणि त्यातील ६० टक्के वाया गेले ते घराघरांतून. हे आकडे दूरचे वाटतील. पण आपल्या चिक्कडपल्लीतील अनेक मराठी घरांकडे पाहावे. एकेकाळी जेथे दहा-बारा पाने मांडली जात, तेथे आता दोनच मांडली जातात. मुले गच्चीबावलीकडे किंवा परदेशी. मागे वृद्ध दांपत्य. माणसे कमी झाली, पण हाताला सवय झालेले खरेदीचे माप मात्र कमी झाले नाही. मग आठवड्याच्या अखेरीस अर्धी कोथिंबीर पिवळी, काकडी लिबलिबीत आणि टोमॅटोंना पाणी सुटलेले. यावर पहिला उपाय सर्वांत सोपा आहे. बाजार जवळ असताना आठवड्याची भाजी एकदम भरू नये. दोन दिवसांची आणावी.

भाजीचा स्वभाव

दुसरा उपाय थोड्या विचाराचा आहे. तोडलेली भाजी मृत नसते. वेलीपासून अलग झाल्यावरही ती श्वास घेत असते, आतील पाणी गमावीत असते आणि साठविलेली साखर खर्च करीत असते. तिचा हा श्वास मंद करणे म्हणजेच भाजी टिकविणे. परंतु सर्वांना एकच नियम लावून चालत नाही. वर्गातील मुलांप्रमाणे प्रत्येकीचा स्वभाव निराळा.

पालेभाजीला ओलावा हवा, पण अंगावर पाणी नको. आणल्याबरोबर जुडी सोडावी, सडकी पाने काढावीत आणि न धुता कोरड्या सुती फडक्यात गुंडाळून ठेवावी. धुणे चिरण्यापूर्वी करावे. कोथिंबिरीची जुडी मुळांसह असल्यास पेल्यातील पाण्यात उभी ठेवावी. हिरव्या मिरच्यांचे देठ काढून त्या कोरड्या डब्यात ठेवाव्यात, कारण कुजण्यास आरंभ बहुधा देठापासून होतो. आले ओलसर वाळूत पुरून ठेवण्याची जुनी रीत आजही उत्तम आहे. तांबडा भोपळा देठासह अखंड असेल तर महिनोन् महिने टिकतो. एकदा चिरला की मात्र तो दोन-तीन दिवसांचाच पाहुणा.

कांद्याला वारा हवा आणि बटाट्याला अंधार. दोघांना एका टोपलीत ठेवू नये. बटाट्याच्या ओलाव्याने कांद्याला कोंब फुटतात. बटाट्यावर उजेड पडला की तो हिरवा होतो व त्यात सोलॅनिन हे विषारी द्रव्य वाढते. असा बटाटा टाकून द्यावा. बटाटा शीतकपाटातही ठेवू नये. अतिथंडीने त्यातील पिष्टाची साखर होते आणि तळताना काचऱ्या काळ्या पडतात. केळे हे उष्ण प्रदेशाचे फळ. थंडीने त्याची साल काळवंडते. कच्चा टोमॅटो बाहेरच पिकू द्यावा, पूर्ण पिकल्यावरच आत ठेवावा.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. पिकलेले केळे, आंबा, पपई ही फळे इथिलीन नावाचा वायू सोडतात. या वायूने शेजारची फळे लवकर पिकतात, तशीच शेजारची पालेभाजी पिवळी पडते. म्हणून पिकलेली फळे आणि पाला यांची संगत टाळावी. उलट कच्चा आंबा लवकर पिकवायचा असेल तर पिकलेले केळे त्याच्या सोबतीला ठेवावे.

दख्खनचे दोन ऋतू

हैदराबाद दख्खनच्या पठारावर आहे. येथील उन्हाळा तापलेला व कोरडा, आणि पावसाळा दमट. त्यामुळे एकाच घरात वर्षातून दोनदा नियम बदलावे लागतात. कोरड्या उन्हाळ्यात रांजणातील पाणी गार होते, कारण बाष्पीभवनाबरोबर उष्णता निघून जाते. त्याच न्यायाने टोपलीभोवती ओले फडके गुंडाळून ती वाऱ्याच्या जागी ठेवल्यास भाजी दीड-दोन दिवस सहज ताजी राहते. दिल्लीच्या भारतीय कृषि संशोधन संस्थेने १९८० नंतरच्या दशकात विटांच्या दुहेरी भिंतींमध्ये ओली वाळू भरून विजेवाचूनचा शीतकक्ष तयार केला, तो याच तत्त्वावर. पावसाळ्यात मात्र हवाच ओली असल्याने हे फडके वाळत नाही; तेव्हा ते गारव्याऐवजी बुरशी देते.

धान्याचेही तसेच. मे महिन्याच्या उन्हात तूरडाळ वाळवून, तिला एरंडेलाचा हात लावून ठेवण्याची पद्धत आपल्या घरांत पूर्वापार आहे. मात्र उन्हातून आणलेले गरम धान्य लगेच डब्यात भरू नये. आत वाफ धरते आणि तिचेच दव धान्यावर बसते. पूर्ण निवल्यावर, सावलीत वाळविलेला कडुलिंबाचा पाला घालून भरावे. तांदळाला बोरिक पावडर लावणे आणि धान्यात पाऱ्याच्या गोळ्या टाकणे या दोन जुन्या सवयी मात्र सोडून द्याव्यात; दोन्ही पदार्थ विषारी आहेत.

चुलीवर गेल्यानंतर

चिक्कडपल्लीतील गृहिणींची एक नित्याची तक्रार म्हणजे डाळ शिजत नाही. दोष पुष्कळदा डाळीचा नसून कूपनलिकेच्या पाण्याचा असतो. त्यातील चुना व मॅग्नेशियम डाळीच्या पेशी घट्ट धरून ठेवतात. डाळ नळाच्या पाण्यात अर्धा-पाऊण तास भिजवून त्याच पाण्यात शिजवावी. चिंच किंवा टोमॅटो डाळ मऊ झाल्यावरच घालावा, कारण आंबटपणानेही डाळ दडदडीत राहते. खाण्याचा सोडा घालू नये; त्याने डाळ मऊ होते खरी, पण ‘ब१’ जीवनसत्त्व नष्ट होते. आपल्याच शहरातील तार्नाका येथील राष्ट्रीय पोषण संस्थाही सोडा टाळण्याचा, भाजी चिरल्यानंतर न धुण्याचा व शिजविलेले पाणी न फेकण्याचा सल्ला देते.

अंबाडीचेच पाहा. तेलुगू शेजारीण तिला गोंगुरा म्हणते व डाळीत घोटते. आपण मराठवाड्याकडची माणसे ज्वारीच्या कण्या घालून वर लसणीची फोडणी देतो. आंबटपणा कमी करण्यासाठी तिचे उकळलेले पाणी पुष्कळ घरी ओतून देतात. ते आमटीत वापरावे. तेवढी चिंच वाचते. कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात मात्र अंबाडी शिजवू नये. पालेभाजी पहिली दोन-तीन मिनिटे झाकण न ठेवता परतली तर रंग हिरवा राहतो. आणि मीठ ती बसल्यानंतर घातले तर खारट होत नाही. भेंडी धुऊन, पुसून, पूर्ण कोरडी करून चिरावी. परतताना आमसूल घातले की तार सुटत नाही. आपल्या वालपापडीला तेलुगूत चिक्कुडुकाय म्हणतात, आणि चिक्कडपल्लीकराच्या कानाला ते आपल्या वस्तीचेच नाव वाटते. तिच्या शिरा दोन्ही कडांनी काढाव्यात आणि ती कोवळी असतानाच खावी.

शेवटी उरलेल्या अन्नाविषयी. उरलेला भात सकाळी फोडणीचा करावा, हा आपला संस्कार. तो मोडण्याचे कारण नाही. पण हैदराबादच्या उन्हाळ्यात भात रात्रभर ओट्यावर ठेवणे धोक्याचे आहे. काही जंतूंची बीजे शिजविण्याने मरत नाहीत; ती उबदार भातात वाढून विष तयार करतात, आणि ते विष पुन्हा तापविल्यानेही जात नाही. म्हणून दोन तासांच्या आत भात शीतकपाटात ठेवावा आणि खाताना चांगला वाफवावा. वृद्धांच्या घरी हा नियम विशेष काटेकोरपणे पाळावा. काटकसरीपायी औषधांचा खर्च ओढवून घेण्यात शहाणपण नाही.

यातील कोणत्याही सूचनेला पैसा लागत नाही. लागते ती थोडी नजर. ही नजर एका गृहिणीलाच असून भागणार नाही. जो पिशवी घेऊन जातो त्याला, आणि जो पानावर बसून नावे ठेवतो त्यालाही ती हवी. शेतकऱ्याने पिकविलेली, विक्रेत्याने पहाटे उठून आणलेली आणि आपण दाम मोजून घेतलेली भाजी कचऱ्याच्या डब्यात न जाता पानात पोहोचावी, एवढे पाहणे हेही गृहस्थधर्माचे एक अंग होय.