पळू कुठे, काका?

परवाच्या रविवारी जासईला घरी गेलो होतो. भाकरी खाता खाता बाबांनी कॅसेट लावली, 'आमच्या वेळी ना...' ही कॅसेट सुरू झाली की आपण मोबाइलमध्ये तोंड खुपसतो, हो ना? मी त्याच मोबाइलवर स्टॉपवॉच लावलं. म्हटलं, होऊन जाऊ दे!

घर ते देऊळ, चार फेऱ्या. स्पर्धक तीन: बाबा (वय 68), मी (जिमचं कार्ड फक्त पाकिटात) आणि पुतण्या (वय 12). बाबा चालणार, आम्ही पळणार. दुसऱ्या फेरीत पुतण्या कमरेवर हात ठेवून उभा. तिसरीत मी ओट्यावर. बाबांनी चारही फेऱ्या संपवल्या आणि वर चहा मागितला!

हसू नका मंडळी, ही घरोघरची गोष्ट आहे. 2013 साली अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या परिषदेत एक अभ्यास मांडला गेला. 28 देशांतल्या अडीच कोटी मुलांच्या धावण्याच्या नोंदी त्यात तपासल्या होत्या. निष्कर्ष असा, की 30 वर्षांपूर्वीच्या मुलांपेक्षा आजच्या मुलांना एक मैल धावायला साधारण दीड मिनिट जास्त लागतं. जागतिक आरोग्य संघटना मुलांसाठी रोज तासभर दम लागेल अशी हालचाल सांगते. पण 2016 च्या आकडेवारीनुसार जगातली 11 ते 17 वयाची 81 टक्के मुलं तेवढीही करत नाहीत.

मग मीही काकागिरी केली, 'रोज पळत जा रे!'

तो म्हणाला, 'पळू कुठे, काका?'

खरं सांगतो, उत्तर सुचलं नाही.

बाबा शाळेत जायचे ते शेताच्या बांधावरून, अनवाणी. घरी आलं की गुरं, खाडी, आट्यापाट्या. त्याला कुणी 'फिटनेस' म्हणत नव्हतं. अर्थात, तेव्हा ताटात कमी आणि अंगावर काम जास्त होतं, हेही बाबाच सांगतात. पुढे नवी मुंबईसाठी जमिनी गेल्या. त्यांच्या मोबदल्यासाठी जानेवारी 1984 मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली इथे आंदोलन झालं, गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. 1989 ला बंदर सुरू झालं. बांध होते तिथे आता कंटेनर यार्ड आहेत, रस्त्यावर ट्रेलरची रांग. वहिनी मुलाला फाटकाबाहेर सोडत नाही. तिचं काय चुकलं?

म्हणजे पोरं आळशी झाली, हे अर्धंच खरं. पळायची जागा आपण मोठ्यांनी वापरून टाकली. साडेबारा टक्के भूखंडाचा हिशेब प्रत्येक घराला तोंडपाठ आहे. त्यात मुलांच्या मैदानाचा हिशेब कुणी मांडला?

तोवर आमचा जुगाड ठरलाय. दर रविवारी सकाळी सहाला, गावातल्या आतल्या गल्लीत, आट्यापाट्या. कोच अर्थातच बाबा. गेल्या खेपेला शेजारची चार पोरं आपणहून आली. पाट्या आखायला गल्ली अपुरी पडली.